परिसरातून जीवशास्त्र : आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील तेरा गुण

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर खोपोलीजवळ शिळफाटा लागतो. कल्याण-मुंब्रा मार्गावरील शिळफाटा वेगळा. हा रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्याचा. एकीकडे बोरघाटाची चढण, दुसरीकडे कारखान्यांची वस्ती आणि थोडे आत वळले की भाताची खाचरे, ठाकूर-कातकरी समाजाच्या वाड्या आणि डोंगरउतारावरची झाडी असे या परिसराचे रूप आहे. खालापूर आणि शेजारच्या कर्जत तालुक्यातील अनेक मुलांचे आठवीपर्यंतचे शिक्षण गावात किंवा जवळपास होते. खरी कसोटी त्यानंतर लागते.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वयोगटातील मुलांना, म्हणजे साधारण आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाची हमी दिली. नववीपासून प्रवासाचा खर्च, वह्या-पुस्तके आणि शिकवणी हा सारा भार घरावर येतो. तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात याच वळणावर मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण थांबण्याची भीती असते. ही गळती रोखण्यासाठी केंद्र सरकारने २००७-०८ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना सुरू केली. शाळांमधून ती ‘एनएमएमएस’ या लघुनामाने ओळखली जाते. या परीक्षेतील जीवशास्त्राचा भाग कसा अभ्यासावा आणि त्यासाठी आपल्या अवतीभवतीच्या सृष्टीचा उपयोग कसा करावा, याचा हा परिचय.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आठवीत शिकणारा विद्यार्थी तिला बसू शकतो. तो शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकत असावा, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अशा अटी आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना गुणांच्या अटीत पाच टक्क्यांची सवलत मिळते. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळा यांतील विद्यार्थी, तसेच शासकीय वसतिगृहातील निवास, भोजन व शिक्षणाच्या सवलती घेणारे विद्यार्थी या योजनेत येत नाहीत. अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी ही बाब मुख्याध्यापकांकडून तपासून घ्यावी.

परीक्षेत प्रत्येकी ९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिली बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकीत ९० बहुपर्यायी प्रश्न आणि ९० मिनिटांचा अवधी. शालेय क्षमता चाचणीत सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० अशी विभागणी आहे. विज्ञानाच्या ३५ गुणांत भौतिकशास्त्राला ११, रसायनशास्त्राला ११ आणि जीवशास्त्राला १३ गुण आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही प्रश्नपत्रिकांत मिळून ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ३२ टक्के आहे. मात्र उत्तीर्ण होणे म्हणजे शिष्यवृत्ती मिळणे नव्हे. अंतिम निवड जिल्हानिहाय आणि संवर्गनिहाय कोट्यातून गुणवत्तेनुसार होते. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्ती असून त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला आहेत.

निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळतात. आरंभी ही रक्कम वर्षाला ६,००० रुपये होती. एखाद-दुसऱ्या गुणाने नाव यादीबाहेर राहिले तर काय गमावले जाते, हे या आकड्यावरून कळते. एकूण १८० गुणांत तेरा गुण थोडे वाटतील. पण गुणवत्ता यादीच्या काठावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी तेच निर्णायक ठरू शकतात. शिवाय गणिताच्या तुलनेत जीवशास्त्राच्या प्रश्नांना वेळ कमी लागतो. संकल्पना पक्की असेल तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते आणि उरलेला वेळ गणिताला देता येतो.

हाच अभ्यास अन्यत्रही उपयोगी पडतो. जवाहर नवोदय विद्यालयात नववीच्या रिक्त जागांसाठी होणाऱ्या निवड चाचणीत शंभरपैकी ३५ गुण विज्ञानाला आहेत. रायगड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यातील निजामपूर येथे आहे. या चाचणीची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी पारिभाषिक शब्दांची तिन्ही भाषांतील यादी स्वतः तयार करणे हिताचे ठरते.

पाठांतर कोठे अपुरे पडते

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ‘कोणत्या पेशींत तंतुकणिकांची संख्या अधिक असेल, त्वचेच्या बाहेरील थराच्या की हृदयस्नायूच्या?’ असे विचारले की अनेकजण अडखळतात. हृदयाचा स्नायू अखंड काम करतो, कामाला ऊर्जा लागते, म्हणून तेथे तंतुकणिका अधिक, ही विचारांची साखळी पाठांतरातून येत नाही. ती येते ‘का’ आणि ‘अन्यथा काय झाले असते’ या दोन प्रश्नांच्या सरावातून. जीवशास्त्रातील प्रत्येक घटकासाठी रचना, तिचे कार्य आणि रोजच्या पाहण्यातील एक उदाहरण या तीन गोष्टी सांगता आल्या, तरच तो घटक समजला असे मानावे. शिळफाट्याच्या परिसरातील मुलांना तिसरी गोष्ट शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शहरातील मुलांना ती स्वयंपाकघरात आणि मंडईत सापडते.

सजीवांचे वर्गीकरण

सजीवांना गटांत बसवण्याचे प्रयत्न जुने आहेत. कार्ल लिनियस यांनी १७३५ साली वनस्पती आणि प्राणी अशा दोन सृष्टी मानल्या. रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशी पाच सृष्टींची मांडणी केली. परीक्षेत ही नावे आणि वर्षे विचारली जातात. त्याहून महत्त्वाचे आहेत वर्गीकरणाचे निकष. पेशीत सुस्पष्ट केंद्रक आहे की नाही, सजीव एकपेशीय आहे की बहुपेशीय, तो अन्न स्वतः तयार करतो की दुसऱ्याकडून मिळवतो, हे तीन प्रश्न क्रमाने विचारले की बहुतेक उदाहरणे योग्य जागी बसतात.

दह्यातील जिवाणू आणि पावाचे पीठ फुगवणारे किण्व दोन्ही सूक्ष्म. म्हणून ते एकाच सृष्टीतील असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात जिवाणूच्या पेशीत केंद्रकपटल नसते, म्हणून तो मोनेरा सृष्टीत जातो. किण्वाच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक असते आणि ते कवकांत मोडते. विषाणूला तर पेशीच नसते. त्यामुळे तो या पाचही सृष्टींबाहेर राहतो.

प्राण्यांच्या बाबतीत दिसण्यावरून फसगत होते. पहिल्या पावसात खाचरांच्या बांधावर खेकडे, गांडुळे आणि गोगलगायी एकत्र दिसतात. खेकड्याचे पाय सांधेयुक्त आणि कवच कठीण, म्हणून तो संधिपाद. गांडुळाचे शरीर वलयांचे बनलेले, म्हणून ते वलयी. गोगलगायीचे शरीर मृदू आणि कवचात राहणारे, म्हणून ती मृदुकाय. मे-जूनमध्ये कर्जतच्या रानांत लुकलुकणारा काजवा हा कीटक, अर्थात खेकड्याप्रमाणेच संधिपाद. वाघूळ उडते, तरी पिलांना दूध पाजते, म्हणून सस्तन. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही सस्तन असून खारीच्या कुळातील आहे. १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात तो आढळतो. या अभयारण्याचा काही भाग रायगड जिल्ह्यात येतो. शेकरूची लांब झुपकेदार शेपटी फांद्यांवरून झेपावताना तोल सांभाळते, हे अनुकूलनाचे उत्तम उदाहरण होय.

पेशी आणि परासरण

रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि पेशीला नाव मिळाले. पेशीच्या पाठात सर्वाधिक गुण जातात ते परासरणावर. विरल द्रावणातून संहत द्रावणाकडे, निवडक्षम पटलातून होणारे पाण्याचे वहन म्हणजे परासरण, ही व्याख्या बहुतेकांना येते; पाणी कोणत्या दिशेने जाईल हे मात्र चुकते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की काही वेळाने पाणी सुटते. फोडींच्या बाहेर मिठाचे संहत, म्हणजे अतिपरासारी द्रावण तयार होते आणि पेशींतील पाणी बाहेर येते. याउलट बेदाणे साध्या पाण्यात टाकले तर फुगतात. बाहेरचे पाणी अवपरासारी असल्याने ते आत शिरते. ‘पाणी मिठाच्या किंवा साखरेच्या मागे जाते’ एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी दिशा चुकत नाही.

वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतील फरक हा दुसरा हमखास विषय. पेशीभित्तिका आणि हरितलवके वनस्पतिपेशीत असतात. तिच्यातील रिक्तिका सहसा मोठी असते. भरपूर पाणी शिरले तर प्राणिपेशी फुटू शकते, वनस्पतिपेशी सहसा फुटत नाही. याचे कारण पेशीभित्तिकेचा भक्कमपणा.

वनस्पती : रचना आणि कार्य

खालापूर-कर्जत पट्ट्यात पावसाळ्यात भात आणि भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेण्याची पद्धत आहे. ही दोन पिके शेजारी ठेवली तर एकदल आणि द्विदल यांचा सारा पाठ समोर उभा राहतो. भाताला तंतुमुळे, पानांत समांतर शिरा आणि बीजात एक दल. वालाला सोटमूळ, पानांत जाळीदार शिरा आणि बीजाची दोन दले. बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेल्या वालाची साल काढताना ही दोन दले आणि त्यांच्यामधला अंकुर सहज दिसतो. शहरातील घरातही हे निरीक्षण दहा मिनिटांत होते.

भातानंतर वाल का, याचे उत्तर मुळांच्या गाठींत आहे. शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतील नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि वनस्पती त्यांना अन्न व आसरा देते. पीक निघाल्यावर याचा लाभ जमिनीलाही होतो. कर्जत येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र असून ‘कर्जत’ आणि ‘सह्याद्री’ या नावांनी ओळखले जाणारे भाताचे वाण तेथूनच आले आहेत.

जमिनीखाली वाढणारे सारे मूळच असते, हा एक रूढ गैरसमज. बटाट्यावरील ‘डोळे’ म्हणजे पेरांवरील कळ्या. पेर आणि कळी खोडालाच असते, म्हणून बटाटा हे खोड. आले, हळद आणि सुरण हीदेखील खोडेच. मुळा, गाजर आणि रताळे ही मुळे. कांद्याचा खाण्याचा भाग मुख्यतः पानांच्या मांसल तळाचा बनलेला असतो.

दुसरा गैरसमज श्वसनाचा. ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे विधान चुकीचे आहे. श्वसन चोवीस तास चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्याने एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, इतकेच.

सजीवांतील पोषण

पोषणाच्या प्रकारांसाठी पावसाळ्यातील एक फेरफटका पुरेसा आहे. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरलेली अमरवेल पूर्णतः आश्रयी झाडावर जगते. ती संपूर्ण परजीवी. आंब्यावरचे बांडगूळ हिरवे असते, अन्न स्वतः तयार करते आणि पाणी व क्षार तेवढे झाडाकडून घेते, ते अर्धपरजीवी. कुजक्या लाकडावर उगवणारी भूछत्रे मृतोपजीवी. सह्याद्रीच्या कातळपठारांवर फुलणारी सीतेची आसवे ही नाजूक वनस्पती कीटकभक्षी आहे. ती हिरवी असून प्रकाशसंश्लेषणही करते. मात्र तेथील पातळ मातीत नायट्रोजनयुक्त घटक कमी असल्याने ती उणीव सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. ‘कीटकभक्षी वनस्पती अन्न तयार करत नाहीत’ हे विधान म्हणूनच चूक ठरते.

गोड्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हे. ते शैवाल आणि कवक यांच्या सहजीवनातून बनते. शैवाल अन्न तयार करते, कवक पाणी, क्षार आणि आधार देते. सहजीवनात दोघांचा लाभ असतो, परजीवितेत एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी.

मानवी शरीर

पचनसंस्थेवरील प्रश्न क्रमाचे असतात. तोंडातील लाळेत पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू होते, जठरात प्रथिनांचे, आणि लहान आतड्यात सर्वच घटकांचे पचन पूर्ण होऊन शोषण होते. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते, मोठे आतडे सुमारे दीड मीटर; ‘लहान’ आणि ‘मोठे’ ही नावे लांबीवरून नव्हे तर रुंदीवरून आली आहेत. यकृतातून स्रवणाऱ्या पित्तरसात विकर नसते. तो मेदाचे बारीक कण करून विकरांचे काम सोपे करतो.

रक्ताभिसरणात एक व्याख्या काटेकोरपणे लक्षात ठेवावी. हृदयाकडून रक्त वाहून नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर. ‘धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असते’ हे म्हणणे बरोबर नाही. फुप्फुस धमनी ऑक्सिजनविरहित रक्त फुप्फुसांकडे नेते आणि फुप्फुस शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणते. प्रश्नकर्त्यांना हा अपवाद प्रिय असतो.

आरोग्य आणि रोग

या घटकात रोगकारक आणि रोगवाहक यांची गल्लत सर्वाधिक होते. हिवतापाचा कारक प्लाझ्मोडियम हा आदिजीव, वाहक ॲनाफेलिस डासाची मादी. डेंग्यूचा कारक विषाणू, वाहक एडिस डास. एडिस साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि प्रामुख्याने दिवसा चावतो. डासांतून हिवताप पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबाद येथे मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवरील लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचे नाव आजही मिरवते.

कोकणात पावसाळ्यात ऐकू येणारे नाव म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हा जिवाणूजन्य रोग उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो आणि त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतो. म्हणूनच खाचरात किंवा तुंबलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. जिवाणूजन्य असल्याने तो वैद्यकीय सल्ल्याने दिलेल्या प्रतिजैविकांना दाद देतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली शोधलेले पेनिसिलीन हे असेच प्रतिजैविक. विषाणूंवर मात्र प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. परीक्षेतील गुणापलीकडे, पायावर जखम असताना चिखलात उतरू नये हे घरात सांगण्याइतके ज्ञान मुलाला यातून मिळते.

परिसंस्था आणि प्रदूषण

भाताचे खाचर ही संपूर्ण परिसंस्था आहे. भात उत्पादक, नाकतोडा प्राथमिक भक्षक, त्याला खाणारा बेडूक द्वितीयक, बेडकाला गिळणारा साप तृतीयक आणि सापावर झडप घालणारा सर्पगरुड सर्वोच्च भक्षक. एका पातळीवरील ऊर्जेपैकी साधारण दहा टक्केच पुढच्या पातळीवर पोहोचते. भातात १०,००० एकके ऊर्जा असेल तर नाकतोड्यापर्यंत १,०००, बेडकापर्यंत १००, सापापर्यंत १० आणि गरुडापर्यंत अवघे एक एकक जाईल. खाचरात नाकतोडे असंख्य आणि आकाशात गरुड एखादाच का, याचे उत्तर या गणितात आहे. बेडूक नाहीसे झाले तर नाकतोडे वाढतील, पिकाची हानी होईल आणि सापांची उपासमार होईल. ‘साखळीतील एक दुवा गेला तर?’ या प्रश्नाचे उत्तर असे दोन्ही दिशांनी द्यावे.

खोपोलीतून वाहणाऱ्या पाताळगंगेत टाटांच्या १९१५ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी येते. पुढे तिच्या काठी गावे आणि उद्योगवसाहती आहेत. कोणत्याही नदीत सांडपाणी मिसळले की सेंद्रिय द्रव्ये कुजवणारे सूक्ष्मजीव वाढतात, ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात आणि मासे गुदमरतात. सांडपाण्यात प्रत्यक्ष विष नसले तरी मासे का मरतात, हा चांगला सरावप्रश्न आहे.

सरावाची पद्धत

रोज एक घटक घेऊन आधी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद वाचावा, मग पुस्तक मिटून त्यातील चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहावीत. त्यानंतर दहा बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत. उत्तर तपासताना बरोबर पर्याय का बरोबर, एवढ्यावर न थांबता उरलेले तीन का चूक, हेही लिहावे. एका प्रश्नातून चार संकल्पनांची उजळणी होते. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी आणि दर रविवारी फक्त तीच वाचावी. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात घड्याळ लावून संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी आणि उत्तरपत्रिकेतील वर्तुळे रंगवण्याचाही सराव करावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘वगळता’ हे शब्द प्रश्नात दिसताच त्यांखाली रेघ ओढावी. येत असलेले उत्तर अनेकदा याच शब्दांपायी चुकते.

पालकांना विषय येत नसला तरी बिघडत नाही. मुलाने शिकलेले त्यांना समजावून सांगावे आणि त्यांनी ‘असे का?’ एवढेच विचारावे. शेतात आयुष्य गेलेल्या आजी-आजोबांकडे बांडगूळ, वाल आणि खेकडे यांविषयी पुस्तकापेक्षा अधिक माहिती असते. तिला शास्त्रीय नाव देणे हे मुलाचे काम.

सरावासाठी दहा प्रश्न

१. गटात न बसणारा ओळखा : (१) खेकडा (२) काजवा (३) गोगलगाय (४) कोळी

२. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, कारण : (१) पेशीभित्तिका विरघळते (२) परासरणाने पाणी पेशींबाहेर येते (३) श्वसन वाढते (४) बाष्पोत्सर्जन होते

३. दगडफूल हे कशाचे उदाहरण आहे? (१) परजीविता (२) मृतोपजीविता (३) सहजीवन (४) कीटकभक्षण

४. पुढीलपैकी मूळ कोणते? (१) आले (२) बटाटा (३) सुरण (४) रताळे

५. ऑक्सिजनविरहित रक्त वाहून नेणारी धमनी : (१) महाधमनी (२) फुप्फुस धमनी (३) हृदयाची स्वतःची धमनी (४) यापैकी नाही

६. प्रतिजैविके कोणत्या रोगाच्या कारकावर परिणाम करत नाहीत? (१) क्षय (२) विषमज्वर (३) डेंग्यू (४) लेप्टोस्पायरोसिस

७. पित्तरसाविषयी चुकीचे विधान निवडा : (१) तो यकृतात तयार होतो (२) तो पित्ताशयात साठतो (३) त्यात मेद पचवणारे विकर असते (४) तो मेदाचे लहान कण करतो

८. उत्पादकात ५०,००० एकके ऊर्जा असल्यास द्वितीयक भक्षकापर्यंत किती पोहोचेल? (१) ५,००० (२) ५०० (३) ५० (४) ५

९. वनस्पतींचे श्वसन केव्हा चालते? (१) फक्त दिवसा (२) फक्त रात्री (३) फक्त पावसाळ्यात (४) अहोरात्र

१०. भात : समांतर शिरा :: वाल : ? (१) जाळीदार शिरा (२) तंतुमुळे (३) एकदल (४) आधारमुळे

उत्तरे आणि स्पष्टीकरण

१-(३) : गोगलगाय मृदुकाय, उरलेले तिन्ही संधिपाद. कोळी कीटक नसला तरी संधिपादच आहे. २-(२) : बाहेरील द्रावण अतिपरासारी. ३-(३) : शैवाल व कवक दोघांचाही लाभ. ४-(४) : रताळ्याला पेरे नसतात, इतर तिन्ही खोडे. ५-(२) : धमनीची व्याख्या रक्ताच्या दिशेवरून होते. ६-(३) : डेंग्यू विषाणूजन्य, उरलेले जिवाणूजन्य. ७-(३) : प्रश्न चुकीच्या विधानाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. ८-(२) : प्राथमिक भक्षकाला ५,०००, द्वितीयकाला ५००. ९-(४). १०-(१) : साधर्म्य शिराविन्यासाचे आहे, मुळांचा किंवा दलांचा पर्याय येथे गैरलागू.

दहापैकी सात किंवा अधिक उत्तरे कारणासह आली तर तयारी योग्य मार्गावर आहे. उत्तर बरोबर आले पण कारण सांगता आले नाही, तर तो प्रश्न चुकलेल्यांच्या वहीत लिहावा. पर्याय बदलून तोच प्रश्न पुन्हा समोर येतो, तेव्हा कारणच कामी येते. शिष्यवृत्ती मिळाल्यावरही अभ्यास सोडून चालत नाही. ती पुढे चालू राहण्यासाठी नववीत ५५ टक्के आणि दहावीत ६० टक्के गुण आवश्यक असतात. आठवीत पक्की केलेली पेशी, पोषण आणि परिसंस्थेची समज त्या दोन्ही वर्षी उपयोगी पडते.